साखर मोजली, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, इंदुरात ठिकठिकाणी साखर फुकट तपासून मिळते. सुई टोचली, आकडा कागदावर आला, माणूस घरी गेला. पुढे वर्षभर त्याच्यासोबत कोण?

रामबाग, राजेंद्रनगरात भजनी मंडळं मुबलक. तसाच आठ-दहा मधुमेहींचा गट आठवड्यातून तासभर बसावा. घरी स्वयंपाक करणारं माणूसही सोबत हवं, कारण पथ्य शेवटी कढईतच ठरतं.

पहिल्याच बैठकीत व्याख्यान नको, सगळ्यांनी आपापला ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं यंत्र, काढावा. पोहे-जिलबी खाऊन हात न धुता बोट टोचलं, तर पाकाच्या अंशाने आकडा खोटा चढतो. धुऊन ओलंच ठेवलं, तर थेंब पातळ होऊन आकडा कमी दिसतो. साबणाने धुवावं, कोरडं करावं, बोटाच्या कडेला टोचावं. मधोमध जास्त दुखतं. रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली, तर पावसाळी दमट हवेत पट्ट्या बिघडतात.

उपवासाचं मात्र सविस्तर बोलावं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण टाळलं, की साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, की दुसरं टोक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. चतुर्थी धरायची तर गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

गट मोडतो तो आकड्यांवरून. ‘२४०? काय खाल्लंस रे?’ असं चारचौघांत विचारलं, की पुढच्या खेपेला तो आकडा लपवतो, नाहीतर येतच नाही. आकडा ज्याच्या त्याच्या वहीत राहू द्यावा. गोळ्यांची अदलाबदल तर मुळीच नको: दोघांची साखर सारखी असली तरी मूत्रपिंडं सारखी नसतात. मेथीचं पाणी हवं तर प्यावं, पण त्यापायी गोळी सोडू नये.

मंडळांनी आपलं सभागृह दुपारी तासभर उघडून द्यावं, एवढंच मागणं. चहा बिनसाखरेचा. सोबत बिस्किटं नकोत, ‘शुगर-फ्री’सुद्धा नकोत, मैदा त्यांतही असतोच.

आपले,
मधुमेहींसोबत काम करणारे काही वाचक, इंदूर