वढवाण्याच्या काठावरील साहाय्यकांचे आभार

यंदाच्या हिवाळ्यात डभोईजवळील वढवाणा तलावावर शिकारी पक्ष्यांच्या गणनेत आम्हा बडोदेकरांना ज्यांनी साहाय्य केले, त्यांची नावे विचारायचीच राहून गेली. म्हणून हे जाहीर आभार.

भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी गवतात जमिनीवरच रात्र काढतात, त्यामुळे ते मुक्कामाला उतरतात त्या संध्याकाळच्या वेळीच, एकाच पक्ष्याची दोनदा नोंद होऊ नये म्हणून सर्व बाजूंनी एकदम मोजावे लागते. आमची एक बाजू रिकामी पडली होती. तेव्हा शेताच्या बांधावरून आलेल्या दोन काकांनी ती सांभाळली आणि गुरे दुसऱ्या वाटेने नेली. ज्या ताईंनी पांढुरक्या व माँटेग्यूच्या भोवत्याच्या माद्यांमधील, अनुभवींनाही चकवणारा फरक मानेवरच्या फिकट पट्ट्यावरून शांतपणे समजावला, त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्या सांगण्यावरूनच आम्ही संशयित नोंदी ‘अनिश्चित’ म्हणून लिहिल्या.

सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला आणि 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेला हा तलाव आपण सर्वांनी आपुलकीने राखला आहे. त्या संध्याकाळी मासा घेऊन गेलेली कैकर (ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी) ज्या मुलाने आम्हाला दाखवली, त्यालाही मनःपूर्वक धन्यवाद.