अखंड किल्ली कोणाच्याच हाती नको : माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

क्रिप्टोसारखी डिजिटल मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थांनी स्वाक्षरीची किल्ली, म्हणजे व्यवहारावर सही करणारा गुप्त अंक, विभागूनच ठेवली पाहिजे, असे कलम आणण्याचा शब्द आपण दिला होता. अंतिम नियमावलीत ते कलम नाही; त्याच्या जागी ‘पुरेशी सुरक्षा व्यवस्था’ असे तीन शब्द आहेत. माझी आयुष्यभराची बचत ज्या संस्थेकडे होती, तिच्याकडेही कागदोपत्री पुरेशी व्यवस्था होती. प्रत्यक्षात संपूर्ण किल्ली एका सर्व्हरवर होती आणि ती चोरीला गेली.

हे टाळण्याची विद्या जुनी आहे. गूढलेखनशास्त्रज्ञ आदि शमीर यांनी गुपिताचे तुकडे करण्याची रीत १९७९ मध्येच मांडली; मात्र तीत वापराच्या वेळी तुकडे एका ठिकाणी जोडावे लागतात आणि त्या क्षणी किल्ली पुन्हा चोरण्याजोगी होते. थ्रेशोल्ड स्वाक्षरी या पद्धतीत ठरलेल्या किमान संख्येइतके, उदाहरणार्थ पाचपैकी तिघे, आपापल्या यंत्रावर आपापला वाटा गणतात, त्यांतून एकच वैध स्वाक्षरी तयार होते, आणि वाटे सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या यंत्रांवर घडवले तर अखंड किल्ली कधी अस्तित्वातच येत नाही. ‘फ्रॉस्ट’ या अशाच एका थ्रेशोल्ड स्वाक्षरी पद्धतीचा तपशील २०२४ मध्ये आरएफसी ९५९१ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात सर्वांसाठी खुला झाला. तंत्रज्ञान अपरिपक्व असल्याचे आपल्या खात्याचे उत्तर म्हणूनच मला मान्य नाही.

नुसते वाटे करूनही भागत नाही. मार्च २०२२ मध्ये रोनिन या क्रिप्टो जाळ्यावर पैसे काढायला नऊपैकी पाच स्वाक्षऱ्या पुरत होत्या आणि चार किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या. साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली आणि जवळपास आठवडाभर कोणाच्या लक्षातही आले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो बाजारपेठेच्या अधिकाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसला, सह्या दुसऱ्याच व्यवहारावर झाल्या आणि सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. म्हणून वाटे परस्परांशी संबंध नसलेल्या संस्थांकडे असावेत आणि प्रत्येकाने सही करण्यापूर्वी व्यवहार स्वतंत्र यंत्रावर पडताळावा, अशी सक्ती हवी.

मला झोप लागत नाही. निवृत्तीनंतर कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून साठवलेले पैसे गेले आणि घरात त्याविषयी बोलणेही आता बंद झाले आहे. संस्था तांत्रिक बिघाड म्हणते, लेखापरीक्षक अहवालाकडे बोट दाखवतो, आपले खाते संस्थेकडे. खाते उघडताना माझी ओळख वारंवार तपासणाऱ्या या व्यवस्थेने किल्ली कोणाकडे आहे, हे संस्थेला एकदाही विचारले नाही. जोखीम ठेवीदाराची आणि गुप्ततेचा अधिकार संस्थेचा, हा न्याय कोणी ठरवला?

वगळलेले कलम कोणाच्या सूचनेवरून वगळले, त्याची टिप्पणी जाहीर करा आणि ते कलम परत आणा.

एक ठेवीदार