पप्पा, बंटीच्या थट्टेबद्दल

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर पप्पा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई मागून खुणा करत राहते. म्हणून लिहूनच काढते. आमच्या बंटीचं कन्फर्मेशन यंदा होणार नाही. पाळकांना तसं कळवून झालंय. पप्पा, तुम्ही त्या रविवारसाठी कोट शिवायला टाकलाय हे मला ठाऊक आहे. शिवून घ्याच, दादाच्या मुलीच्या लग्नात लागणार आहे.

नाताळच्या जेवणावर तो जे बोलला त्याची ही शिक्षा नाही, आणि त्याचे लाडही नाहीत. चर्चमध्ये सगळ्यांसमोर बिशपसाहेबांनी "तुझा विश्वास आहे का" असं विचारल्यावर "होय" म्हणून मान डोलावणं त्याला सोपं होतं. वरून केक आणि घड्याळ मिळालं असतं. तो म्हणाला, मम्मी, मला तिथे उभं राहून खोटं बोलायचं नाही. आता यावर मी काय रागावणार? आणि तुम्हीच तर आम्हाला लहानपणी सांगायचात, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी थेट 1900 साली. मधल्या वर्षांत त्यांना कुणी ओढत नेलं नाही, त्या आपल्या पायांनी आल्या. हे सांगताना तुमचा आवाज किती चढायचा, जणू नगरात त्या आपल्याच शेजारी राहत होत्या! बंटीलाही तेवढी सवड देऊ या ना.

राहिली ती थट्टा. आई, तू शेवयांची खीर वाढत होतीस आणि हा म्हणाला, "आजी, अमेरिकेत शेवयांचासुद्धा देव आहे." तो त्याचा शोध नाही गं. कॅन्ससमध्ये शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला एका बुद्धिमान रचनाकाराची कल्पनाही शिकवावी, असा आग्रह चालला होता. तेव्हा 2005 साली एका तरुणाने शिक्षण मंडळाला पत्र लिहिलं, की मग माझा शेवयांचा देवही शिकवा. त्याने काढलेली ती किटलीची गोष्ट त्याहून जुनी, इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची, 1952 ची. पृथ्वी आणि मंगळाच्या मधे एक चहाची किटली सूर्याभोवती फिरतेय, पण दुर्बिणीलाही दिसणार नाही इतकी ती लहान आहे, असं मी म्हटलं, तर ती नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर का?

पप्पा, या म्हणण्यात दम आहे. ताट सरकवून उठण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी बंटीला एवढंच म्हटलं, की किटली असली तर जगातली आणखी एक वस्तू असेल. आपला देव वस्तूंच्या यादीत बसत नाही. मुळात काही आहेच का, नुसतं शून्य का नाही, हा आपला प्रश्न आहे. बायबलमधल्या शलमोन राजाने एवढं मोठं मंदिर बांधलं आणि प्रार्थनेत कबूल केलं, की तू आकाशातही मावत नाहीस, मग या घरात कुठला मावणार! बंटी म्हणाला, ही पळवाट आहे. असेल, पण रसेलच्या भीतीने काढलेली नाही, त्याच्या कितीतरी शतकं आधीची आहे.

आता थोडं तुमच्याबद्दल. रागावू नका. काही थट्टा आपण हाताने ओढवून घेतो. आइन्स्टाइनने वर्गात नास्तिक प्राध्यापकाला गप्प केलं, ही गोष्ट तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलीत. तिला कसलाही आधार नाही. बायबलमध्ये यहोशवासाठी सूर्य थांबला, तो हरवलेला दिवस नासाच्या संगणकाला सापडला, तेही खोटं, खुद्द नासाने नाकारलेलं. पोराने दोन मिनिटांत शोधून काढलं आणि मग त्याला तुमचं बाकीचंही तसंच वाटायला लागलं. त्यापेक्षा त्याला लमेत्र सांगा. ज्या महास्फोटाच्या जोरावर बंटी देवाला घराबाहेर काढतो, त्याची कल्पना मांडणारा माणूस बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने 1927 मध्येच लिहिलं. पुढे 1951 मध्ये पोपनी त्या सिद्धान्तात निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा लमेत्रला ते रुचलं नाही. विज्ञान विज्ञानाच्या जागी, श्रद्धा श्रद्धेच्या जागी. बंटी हे ऐकून गप्प बसला, आणि तो गप्प बसतो म्हणजे काय ते आई जाणते.

आई, तुझ्या बाबतीत मात्र मी सरळ त्याच्या बाजूची आहे. त्या चंगाई सभेत कुणीतरी डोक्यावर हात ठेवला आणि तू शुगरची गोळी बंद केलीस. त्याने हसून विचारलं, "देवाकडे मेटफॉर्मिन संपली का?" बोलायची रीत वाईट होती, प्रश्न वाईट नव्हता. रोग्यांना वैद्याची गरज असते, हे आपल्या प्रभूचंच वाक्य आहे. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. मिशनच्या लोकांनी मिरजेला एवढं हॉस्पिटल उभारलं, आपली आजी नगरच्या बूथ हॉस्पिटलमध्ये नर्स होती, ती काय विश्वास कमी म्हणून? गोळी उद्यापासून सुरू. प्रार्थना कर, पण गोळी घेऊन कर.

पप्पा, तुम्हाला वाईट कशाचं वाटलं ते मला कळतं. तुमच्या घरात, तुमच्या ताटासमोर प्रभूची टिंगल झाली. पण ती रोममध्येही झाली होती. पॅलाटिन टेकडीवर 1857 साली एक भिंत सापडली. तिच्यावर कुणीतरी क्रूसावर गाढवाचं डोकं असलेला माणूस कोरलाय, खाली हात वर केलेला एक पोरगा, आणि ग्रीकमध्ये लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो. शेजारच्या खोलीत लॅटिनमध्ये आणखी एक ओळ सापडली: अलेक्सामेनोस विश्वासू. ती कुणी लिहिली, देव जाणे. मला तो पोरगा फार जवळचा वाटतो.

आणि खुद्द क्रूसाखाली ते म्हणाले होतेच ना, दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही. तो खाली उतरला नाही. त्याने पुरावा दिला नाही, चिडला नाही, उलट "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" असं मोठ्याने विचारलं. मला वाटतं बंटी तेच विचारतोय, फक्त शेवयांच्या आडून. आत्याच्या शेवटच्या आजारपणात तो दहा वर्षांचा होता, रोज रात्री गुडघे टेकायचा. त्यानंतर त्याने एकदाही मोठ्याने प्रार्थना केलेली नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का? त्याला देव नाही याची खात्री नाहीये पप्पा, देव गप्प राहिला याचा राग आहे. या रागाला तुम्ही उत्तर देऊ नका. त्याच्याजवळ बसा. मला ताप आला की तुम्ही रात्रभर उशाशी बसायचात, एक वचन नाही की उपदेश नाही, नुसता कपाळावर हात. तसे बसा.

मे महिन्यात त्याला तुमच्याकडे पाठवतेय, तो स्वतः यायचं म्हणतोय. चर्चला यायचा आग्रह करू नका, आला तर आला. वाद जरूर घाला, पण जेवण झाल्यावर, आणि पेत्राने सांगितल्यासारखा, सौम्यतेने. बाथरूममधली पकडायची दांडी प्लंबर शनिवारी बसवून जाईल, त्याला चहा द्या, पैसे देऊ नका, मी दिलेत. रविवारी चर्चला चालत जायचं नाही, रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय. गुडघ्याचा पट्टा कपाटात पडून राहण्यासाठी आणलेला नाही.

आई, सोमवारी उपाशीपोटी रक्त तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. पप्पांच्या ग्रुपवर नको.

तुमची,
बेबी