‘तीन वर्षं वाट पाहा’ असं कृपा करून छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुलांच्या उशिरा बोलण्यावरचा लेख वाचला. आईवडिलांनी घाबरू नये हे लेखिकेचं म्हणणं मान्य. पण ‘तीन वर्षांपर्यंत वाट पाहायला हरकत नाही’ हे वाक्य तुम्ही चौकटीत ठळक छापलंत, त्याचा मला संताप आला.

माझी सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. वाट पाहायला सांगणारी माणसं घरोघरी आधीच आहेत. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘बापावर गेलाय’, ‘वेखंड उगाळून जिभेला लाव’. त्यांच्या जोडीला आता तुमचं वर्तमानपत्र.

माझ्या नातवाचंच सांगते. दीड वर्षाचा झाला तरी ‘बाबा’ आणि ‘मम’च्या पुढे गाडी जाईना. दार आपटलं की दचकायचा, ट्रॅक्टर आला की अंगणात धावायचा, म्हणून ऐकू येत नसेल अशी शंका घरात कुणी घेईना. डॉक्टरांनी पाठीमागून टाळी वाजवली, तो वळला. ‘तिसरं वर्ष लागलं की या,’ म्हणाले. सून मात्र ऐकेना. तिने मागे लागून बेरा, म्हणजे कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते वायरी लावून बघायची तपासणी, आणि पुढच्या तपासण्या करून घेतल्या. झोपेचं औषध पाजून निजवलेलं पोर, कपाळाला आणि कानामागे चिकटवलेल्या वायरी, आणि ती दोन तास हलली नाही तिथून. निघालं ते असं, की जाडे, खालच्या पट्टीतले आवाज त्याला ऐकू येत होते, बारीक, वरच्या पट्टीतले येत नव्हते. ट्रॅक्टर कळत होता. स, श, फ कानावर पडतच नव्हते. जे ऐकलंच नाही ते पोर बोलणार कसं? टाळी वाजवून हे कळत नाही हो!

श्रवणयंत्र बसलं, स्पीच थेरपी सुरू झाली. आता शाळेतलं सगळं घरी येऊन सांगतो. ‘स’ अजून थोडा घसरतो.

प्रत्येक मुलाचा कानच बिघडलेला असतो असं नाही. कुणाला स्वमग्नता असते, कुणाची एकूण वाढच मागे असते, काही मुलं आपसूक बोलूही लागतात. पण आपलं मूल यातलं कुठलं, हे घरी बसून कळत नाही. चौकटीत छापायचं होतं ते हे: वर्ष-सव्वा वर्षाचं मूल बोट करून काही दाखवत नाही, हाक मारली तर बघत नाही, सोळा महिन्यांचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं होऊनही ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत होते ते शब्द गेले, तर लगेच दाखवा. सगळं ठीक निघालं तर एक खेप फुकट गेली, एवढंच. जन्मतः बहिऱ्या मुलाला केंद्र सरकारच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, मिळतं, त्याला पाच वर्षांची अट आहे. त्यातली तीन वाट पाहण्यात घालवायची?

आणि दाखवायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं मुलं तपासणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तेव्हा आईने पुढे होऊन ‘हा बोलत नाही’ एवढं सांगावं, म्हणजे पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. लेखात यातल्या एकाचाही उल्लेख नाही.

त्याच पानावर खाली ‘मुलांना बोलकं करणाऱ्या’ चूर्णाची जाहिरात होती. लेख वाचून निर्धास्त झालेली आई तेच मागवणार. जाहिरातींची जबाबदारी आमची नाही, असं बारीक अक्षरात तुम्ही छापता ते मला ठाऊक आहे. तरीही असल्या जाहिराती घेऊ नका, आणि येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. सांगली