आमदारसाहेब, आधी नदी आणि डोंगर बघा

संपादक महोदय,
मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही माळ्यावर बसून दिवस काढला, भिंतीवरची चिखलाची रेघ दोनदा रंग देऊनही वर येतेच. त्याच दिवशी महाडजवळ तळियेत दरड कोसळून वाडी गेली. त्याआधी २०१४ ला माळीण, नंतर २०२३ ला इर्शाळवाडी. पश्चिम घाट कसा जपायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाची (म्हणजे खाणी, मोठी बांधकामं यांवर बंधनं घालायच्या पट्ट्याची) ड्राफ्ट अधिसूचना २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाली, आणि आमच्याकडे प्रचारात अजून रस्ते, सभामंडप आणि हायमास्ट एवढंच. रस्ते हवेतच, नाही कोण म्हणतंय, पण नदीतला गाळ पावसाआधी निघाला का, डोंगर कापायला परवानगी कोणी दिली, दरडीखालच्या वाड्यांचं पुनर्वसन कुठवर आलं हे विधानसभेत विचारणार कोण? आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात पहिला तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) यावरच लावावा आणि जे उत्तर मिळेल ते गावात येऊन आम्हाला सांगावं.

- एक वाचक, चिपळूण