दरड विन्हेऱ्याला, गाडी रद्द दिव्याला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकण रेल्वेवर दरड आली की बातमी ठरलेली असते : अमुक दोन स्थानकांदरम्यान रुळावर माती आली, ती हटवण्याचे काम युद्धपातळीवर सुरू आहे, वाहतूक लवकरच पूर्ववत होईल. ठाणे, दिवा, पनवेलच्या फलाटांवर पिशव्या-बोचकी घेऊन बसलेल्यांना या ‘लवकरच’चा अर्थ कोणी सांगत नाही. माती उपसायला एवढा वेळ का लागतो आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या तुकड्यापायी सगळी गाडीच का रद्द होते, एवढ्यापुरतेच हे पत्र.

कोकणातल्या पुष्कळशा कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या रुळांच्या वाटेत, वर जांभा, त्याखाली पांढुरकी-गुलाबी चिकणमाती आणि तळाला काळा कातळ असे थर असतात. जांभा सच्छिद्र आणि भेगाळलेला, त्यामुळे पाणी सरळ खाली उतरते. चिकणमातीत ते अडते, माती फुगते, तिची पकड सुटते आणि वरच्या जांभ्यासकट उतार घसरतो. पहिल्या सरींत बहुधा उन्हाने सुटलेले दगड येतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी मुरून बसल्यावर चिखलाचे लोट येतात आणि तेही कधीकधी पाऊस उघडल्यावर काही तासांनी. वैभववाडीजवळचा अपघात २२ जून २००३ चा आणि करंजाडीजवळचा १६ जून २००४ चा, दोन्ही पावसाच्या पहिल्या महिन्यातले. त्यानंतर उतार सौम्य करणे, पायऱ्या काढणे, लोखंडी जाळ्या, तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या गॅबियन भिंती, सिमेंटचा फवारा अशी कामे झाली आणि त्यांचा उपयोगही झाला, हे मान्य केले पाहिजे.

पण यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे ती कटिंगच्या माथ्यावरची पाणी अडवणारी गटार. डोंगरावरून येणारे पाणी उतारावर न सांडता बाजूच्या ओहोळाला जावे म्हणून ती असते. तिच्यात पाला साचला किंवा काँक्रीटला तडा गेला की सगळे पाणी त्या एका फटीतून थेट उताराच्या पोटात जाते. अशी गटार असण्यापेक्षा नसलेली बरी. संरक्षक भिंतीतल्या पाणी निघण्याच्या भोकांचेही तसेच. भोकातून नितळ पाणी येत असेल तर भिंत काम करते आहे. गढूळ येऊ लागले तर मागची माती वाहून चालली आहे. आणि भर पावसात काहीच येत नसेल तर भोक बुजले आहे, पाण्याचा सगळा दाब भिंतीवर आहे. रेल्वेचे गस्तवाले हे सगळे ओळखतात. अडचण अशी, की माथ्यापलीकडची जमीन बहुतेक ठिकाणी रेल्वेची नसते. तिथे कोणी जेसीबी लावून बागेसाठी सपाटी केली, ओहोळ वळवला, तर गस्तवाला पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही. मे महिन्यात तलाठी, ग्रामपंचायत आणि रेल्वेचे अभियंते यांनी एकत्र माथ्यावरून फेरी मारायला हवी. खालून रुळावरून पाहून ओहोळ वळवल्याचे कळत नाही.

आता माती हटवण्याचे. कटिंगमध्ये रस्ता नसतो, म्हणून पोकलेन बहुधा जवळच्या स्थानकातून वाघिणीवर चढवून आणावा लागतो. मार्च २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरे झाल्यापासून डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. पोकलेनचा हात फिरवायचा तर आधी वीज बंद करून तार जमिनीशी जोडावी लागते, खांब वाकला असेल तर तारेच्या दुरुस्तीची गाडी, टॉवर वॅगन, मागवावी लागते. वर लोंबकळत असलेली माती आधी पाडल्याशिवाय खालची उपसणे म्हणजे माणसांना ढिगाखाली उभे करणे. रूळ दिसू लागले तरी खडीत चिखल मुरलेला असतो. अशा खडीतून पाणी निचरत नाही, स्लीपर डुलतात. ती खडी काढून नवी भरायची, रुळाची पातळी तपासायची, मग रिकामे इंजिन चालवून पाहायचे आणि त्यानंतर पहिली गाडी अगदी मंद गतीने सोडायची. १४ जुलै २०२४ च्या संध्याकाळी वीर आणि खेडच्या मधल्या विन्हेरे-दिवाणखवटीदरम्यान दरड आली तेव्हा मार्ग खुला व्हायला सुमारे एक दिवस लागला, तो उगीच नाही. म्हणून ‘लवकरच’ऐवजी काम कुठवर आले ते सांगा : पोकलेन पोहोचला, वरची माती पाडून झाली, खडी भरणे सुरू. त्यावरून प्रवासी स्वतःच अंदाज बांधतील.

मार्ग उघडला तरी गाड्या लगेच वेळेवर येत नाहीत. रोहा ते वीर दुहेरी मार्ग ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. वीरच्या पुढे एकेरीच. क्रॉसिंगच्या स्थानकांत दोन-तीन रूळ, त्यांवर अडकलेल्या गाड्या. एक निघेपर्यंत दुसरीला जागा नाही. शिवाय मांडवी आणि कोकणकन्या एकाच डब्यांवर चालतात, त्यामुळे आज अडकलेली गाडी उद्याचीही गाडी खाते.

केरळकडच्या गाड्या अशा वेळी पुणे-मिरज-लोंढामार्गे मडगावला वळवतात. लोंढ्याकडून गोव्यात उतरणारा तो घाटही पावसाळ्यात भरवशाचा नाही. चिपळूणच्या पुरामुळे वळवलेली मंगळुरू-मुंबई गाडी २३ जुलै २०२१ रोजी दूधसागरजवळ दरडीनेच घसरली होती. पण मुद्दा वेगळा आहे. वळवलेली गाडी चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीला जातच नाही. कागदावर ती धावली, कोकणच्या माणसासाठी ती रद्दच. दादर-सावंतवाडी तुतारी आणि दिव्याच्या पॅसेंजर कोकणातच संपतात, त्या तर वळवताही येत नाहीत. इथे परताव्याची एक चूक बरेच जण करतात : घाबरून ई-तिकीट नेहमीप्रमाणे रद्द करतात आणि पैसे कापले जातात. गाडी वळवल्यामुळे प्रवास केला नसेल तर ते कारण निवडून नियोजित वेळेपासून ७२ तासांत टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचे नसेल, तर मात्र आपल्या स्थानकातून ती प्रत्यक्ष सुटण्याआधीच टीडीआर भरावा लागतो.

आमची मागणी साधी आहे. बंद तुकड्याच्या दोन्ही बाजूंना गाडी चालवा. त्यासाठी ऐन वेळी डोके लावायची गरज नाही. मे महिन्यातच तक्ता छापून ठेवता येतो. गाडी मधेच तोडायची, म्हणजे संपवायची, ती महामार्गाजवळच्या स्थानकांत : वीर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, कणकवली. विन्हेरे किंवा निवसरसारख्या आडबाजूच्या स्थानकात हजार माणसे उतरवून उपयोग नाही. विन्हेऱ्यापाशी मार्ग बंद झाला तर इकडची गाडी वीरपर्यंत, तिकडची खेडपासून, मधे कशेडीमार्गे एसटी. हजार प्रवाशांना ४०-४५ आसनांच्या २३ ते २५ गाड्या लागतात. मध्यरात्री एका आगाराकडे एवढे चालक-वाहक नसतात, म्हणून महाड, खेड आणि चिपळूण आगारांचा वाटा आधीच ठरलेला हवा. गाडी मधूनच परत फिरवताना इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला नेण्यात वेळ जातो. त्यावर उपाय मेमू, म्हणजे लोकलसारखी विजेवरची गाडी. तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. गणपतीत दिवा-चिपळूण मेमू चालवून झालीच आहे. तशी एक मेमू पावसाळाभर तयार ठेवावी.

आणि दिव्याबद्दल वेगळे सांगायला हवे. आरक्षण असलेल्याला गाडी रद्द झाल्याचा एसएमएस तरी येतो. दिव्याहून सुटणाऱ्या पॅसेंजरच्या जनरल डब्यांत बसणाऱ्यांचे नाव कुठल्याच यादीत नसते. वसई, कल्याण, वाशीकडून पहिली लोकल पकडून, पोरेबाळे आणि सामान घेऊन ते दिव्याला पोहोचतात आणि गाडी रद्द झाल्याचे तिथे कळते. रात्री दरड आली तर तिची उद्घोषणा पहाटेच्या पहिल्या लोकलपासून ठाणे, कल्याण, पनवेल, वाशी आणि वसई रोडला, मराठीत, गाडीच्या नावासह व्हावी. नुसता पाच आकडी क्रमांक ऐकून आपली गाडी कुठली ते कोणाला कळत नाही. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही तिकीट देण्याआधी हे माहीत असायला हवे. रद्द झालेल्या गाडीची तिकिटे खिडकीवर विकली जाऊ नयेत, एवढे तरी या गणपतीआधी करता येईल.

आपले,
कोकण रेल्वेचे काही नियमित प्रवासी
दिवा, जि. ठाणे