श्रोते नसलेली मैफल

लीड्स, यॉर्कशर

प्रिय बाळू,

फोनवर तू विचारलंस, "मिरजेच्या दर्ग्यातल्या चिंचेखाली उरुसाचं गाणं ऐकत वाढलेला माणूस तू, आणि आता चर्चच्या हॉलात बसून गोऱ्यांची चारशे वर्षांपूर्वीची गाणी वाजवतोस? कशासाठी?" तेव्हा हसून विषय बदलला, कारण फोनवर सांगून संपण्यासारखं ते नव्हतं. आज सकाळपासून पाऊस लागलाय, कुठं जायचं नाही. तेव्हा बैजवार लिहितो.

इथं ज्याला 'अर्ली म्युझिक' म्हणतात ते ढोबळमानानं बाख या जर्मन रचनाकारापर्यंतचं, म्हणजे १७५० च्या आधीचं संगीत. ते त्या काळच्या वाद्यांवर आणि त्या काळच्या रीतीनंच वाजवायचं, असा या मंडळींचा हट्ट. आपल्याला यातली गोम चटकन कळत नाही. आपल्याकडे कागदावर फारसं काही नाही, पण गुरूकडून शिष्याकडे गाणं येत राहिलं. इथं उलट झालं. कागद ढीगभर आणि शिकवणारा एकही नाही. व्हायोल नावाचं गजाचं वाद्य अठराव्या शतकात मागं पडलं, रेकॉर्डर ही उभी धरायची बासरीही मागं पडली, आणि ती वाजवणारे हात संपले. मग काही हट्टी माणसांनी जुनी वाद्यं मोजून, जुने ग्रंथ वाचून ते पुन्हा उभं केलं. त्यातला एक आर्नोल्ड डॉल्मेच. फ्रान्समध्ये जन्मलेला, इंग्लंडात स्थिरावलेला. १९१९ साली वॉटर्लू स्टेशनवर त्याची पिशवी राहिली, आणि पिशवीत होती अठराव्या शतकातली रेकॉर्डर. त्या वेळी काही ती सापडली नाही. मग पठ्ठ्यानं स्वतःच रेकॉर्डर घडवायला घेतली. त्याच्या मुलानं, कार्लनं, एडगर हंटबरोबर १९३७ मध्ये हौशी वाजवणाऱ्यांची सोसायटी काढली. तिच्या शाखा आज देशभर आहेत. इथल्या शाळकरी पोरांच्या दप्तरात दिसणारी प्लॅस्टिकची रेकॉर्डर ही त्या हरवलेल्या पिशवीची नातवंडंच समज.

आमच्याकडे या सगळ्याचं मोठं ठाणं म्हणजे यॉर्क. लीड्सहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. १९७७ पासून तिथं दर उन्हाळ्यात जुन्या संगीताचा महोत्सव भरतो. वॉल्मगेट रस्त्यावरच्या सेंट मार्गारेट नावाच्या जुन्या चर्चमध्ये २००० साली त्यांनी कायमचं केंद्रच केलं. हॉल लहान, लाकूड-दगडाचा, माइक नाही. ल्यूटसारखं, तारा बोटांनी छेडायचं, हळू बोलणारं वाद्य शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतं. ल्यूट म्हणजे चाळीस माणसांत वाजवायचं वाद्य. नाट्यगृहात बसवलंस तर ते बिचारं दिसेल फक्त.

एक मात्र मला अजून जमत नाही: गप्प बसणं. एखादी जागा अशी काही येते की "क्या बात है" ओठांपर्यंत येतं, आणि शेजारची आजी श्वाससुद्धा बेतानं घेत असते. दोन भागांच्या मध्ये टाळीही नाही. गाणाऱ्यांना समोरून काहीच मिळत नाही, तरी ते गातात कसे, हे मला खरंच कोडं आहे.

यॉर्कच्या पूर्वेला बेव्हर्ली नावाचं गाव आहे. तू आलास की तिथं तुला नेणारच. तिथल्या सेंट मेरी चर्चचा मनोरा १५२० मध्ये कोसळला. पुन्हा बांधताना एका खांबाचा खर्च वादकांच्या संघानं उचलला, आणि तसं खांबावर कोरूनही ठेवलंय. वर पाच वादकांच्या रंगवलेल्या मूर्ती आहेत. काहींच्या हातातली वाद्यं आता तुटली आहेत, पण अंगरखे, केस, ऐट सगळं शाबूत. मला आपला नगारखाना आठवला. इथंही शहरं पगारी वाजंत्री ठेवत, 'वेट्स' म्हणत त्यांना. त्यांच्याकडे शॉम असे, आपल्या सनईच्याच गोतातलं, दुहेरी पत्तीचं, कानठळ्या बसवणारं वाद्य. १८३५ च्या कायद्यानं नगरपालिका बदलल्या आणि ही पदं गेली. यॉर्कमध्ये १९७७ साली काही जणांनी ते पथक पुन्हा जमवलं, अंगरख्यांसकट.

पण बाळू, मैफिली मी लंडनलाही ऐकल्या असत्या. मला धरून ठेवलं ते न ऐकवायच्या वाजवण्यानं. इंग्लंडच्या प्रत्येक भागात हौशी लोकांचा एक फोरम आहे. आमचा नॉर्थ ईस्ट अर्ली म्युझिक फोरम. एखाद्या शनिवारी कुठल्या तरी चर्चचा हॉल भाड्यानं घेतात, एक जाणकार बोलावतात, आणि गाणारे-वाजवणारे मिळून दिवसभर एखादी रचना घोळतात. निवड-चाचणी नाही. डबा आपला आपण आणायचा, चहा-बिस्किटं त्यांची. संध्याकाळी ती रचना एकदा न थांबता म्हणायची आणि घरी जायचं. श्रोते म्हणशील तर कुणाचा तरी नवरा, गाडी घेऊन न्यायला आलेला, ओव्हरकोट न काढता दारापाशी बसलेला.

एकदा यॉर्कमध्येच विल्यम बर्ड या रचनाकाराचा चार आवाजांचा मास, म्हणजे कॅथलिक पूजेत गायची रचना, घेतला होता. बर्ड कॅथलिक, आणि त्या काळी इंग्लंडात कॅथलिक पूजा गुन्हा. १५९० च्या दशकात त्यानं हे मास छापले ते शीर्षकाच्या पानाविना. लपूनछपून कुणाच्या घरात चारपाच माणसांनी दबक्या आवाजात म्हणायचे म्हणून. याच यॉर्कमध्ये १५८६ साली मार्गारेट क्लिदरो नावाच्या खाटकाच्या बायकोला, घरात पाद्री लपवल्याच्या आरोपावर कोर्टात काही बोलायला नकार दिला म्हणून, वजनाखाली चिरडून मारलं होतं. शिकवणारा बाई-बाप्यांना एवढंच म्हणाला, "खिडकीबाहेर कोणी उभं आहे असं धरून गा." आवाज असा काही उतरला की तो दिवस मी विसरायचा नाही.

माझं वाद्य टेनर व्हायोल, भाड्यानं घेतलेलं. सहा तारा, मांड्यांत धरायचं, आणि गज तळहात वर करून. आणि ऐक, त्याला पडदे असतात! आतड्याची तार दांडीभोवती गाठ मारून बांधलेली, सतारीच्या पडद्यांसारखी खालीवर सरकवता येणारी. दुकानात पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ठरवलं, हे आपलं.

आम्ही सहा जण एकीच्या बैठकीच्या खोलीत जमतो. एक निवृत्त मास्तर, एक नर्स, एक न्यायालयात कारकून होती ती, असे. दोन लहान, दोन मधले, दोन मोठे व्हायोल. हे संगीत मुळात अशाच खोल्यांसाठी लिहिलं गेलं, हे कळल्यावर माझी भीड चेपली. १५९७ साली थॉमस मोर्लेनं एक शिकवणीचं पुस्तक काढलं. त्याच्या सुरुवातीला एक तरुण सांगतो, जेवणानंतर घरच्या मालकिणीनं स्वरलिपीच्या वह्या पुढं केल्या, आणि मला वाचून गाता येत नाही म्हटल्यावर पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली, हा वाढला तरी कुठं म्हणून! त्याच साली जॉन डाउलंडनं गाण्यांचं पुस्तक छापलं. त्यात समोरासमोरच्या दोन पानांवर गाणाऱ्यांचे भाग वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेत. पुस्तक टेबलावर मधोमध ठेवायचं आणि भोवती बसायचं. समोर प्रेक्षक असतील हे छापणाऱ्याच्या मनातच नव्हतं.

आणि नवख्याची सोय बघ. टॅव्हर्नर नावाच्या रचनाकाराच्या मासमधला 'इन नोमिने' हा तुकडा लोकांना इतका आवडला, की पुढं दीडशेच्या वर रचना त्याच आधारावर झाल्या, थेट सतराव्या शतकातल्या पर्सेलपर्यंत. त्यात एक जण जुन्या स्तोत्राचे लांबच लांब सूर धरून ठेवतो, आणि बाकीचे त्याच्याभोवती पळतात, अडखळतात, एकमेकांना गाठतात. ते लांब सूर मला देतात. तबलजी रंगात आला असताना लेहरा धरणाऱ्याचं जे सुख, तेच. मोजण्यात चुकायची मात्र सोय नाही, कारण बाकी सगळे माझ्या भरवशावर चुकत असतात.

आता तुझ्या आवडीची गोष्ट. या लोकांना गंधार सापडलाय. पियानो-हार्मोनियमचा गंधार सुमारे १४ सेंट चढा, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याइतका. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार याच्यापेक्षा उतरलेला, शांत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या एका जुळवणीत हार्पसिकॉर्डचे, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्याचे, गंधार नेमके त्या तंबोऱ्यातल्या जागी बसवतात. त्याची किंमत म्हणून पंचम किंचित उतरवावे लागतात, आणि एका कोपऱ्यात सगळी घाण साठून एक पंचम असा केकाटतो की त्याला हे लोक लांडगा म्हणतात. मध्यंतरात जुळवणारा माणूस वाद्याला कान लावून बसतो तेव्हा मी चहाला जात नाही, तिथंच बसतो. कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची गणितं मांडत होते, इंग्रज अधिकारी क्लेमेंट्ससाहेब श्रुति-हार्मोनियमच्या मागे लागले होते, आणि पडताळ्याला अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा होता. आपल्या भागातला तो सगळा खटाटोप इथं बसून जास्त कळला. आम्ही सहा जण बेसूर असलो, तरी रचनेच्या शेवटी कधीतरी तो गंधार लागतो आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते.

सगळं गोड आहे असं नाही. डोकी बहुतेक पांढरी. आपल्या रंगाचा बहुधा मी एकटा. वाईट कुणी वागत नाही, पण "तुम्ही सतार वाजवत असाल ना?" हे कुणी ना कुणी विचारतंच. आणि आतड्याच्या तारा की कृत्रिम, यावरून दोन सज्जन तासभर भांडू शकतात. ते चाललं की मी कप विसळायला जातो.

तू म्हणशील, आपल्याकडे भजनी मंडळं हेच करतात. बरोबर. भजनाला कुणी परीक्षा घेऊन बसवत नाही, आणि श्रोता नसला तरी पखवाज थांबत नाही. पण रागसंगीतात आपण मधल्या माणसाला जागाच ठेवली नाही. एक तर मंच गाठ, नाही तर विशारदचं प्रमाणपत्र भिंतीला लाव आणि सतार गवसणीत घाल. तुझ्याबद्दलच बोलतोय. तुझा हात माझ्यापेक्षा शंभर पटीनं बरा आहे. तुझ्या ओळखीतच चार जण असे निघतील, घरात वाद्य धूळ खात असलेले. एका खोलीत बसून एकच गत सगळ्यांनी तासभर वाजवली, तर कुणाचं काय बिघडणार आहे? घराण्यांची गुपितं तर फुटणार नाहीत.

आता एक काम आहे. हिवाळ्यात इथं हीटर लागले की हवा कोरडी पडते, दांडी आकसते आणि माझे पडदे सैल होऊन सरकतात. तुमच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ना, मग एवढं तर विचारायला हरकत नाही: सतारमेकर गल्लीत जा, आणि पडदा बांधायची गाठ कशी मारतात ते टप्प्याटप्प्यानं फोटो काढून पाठव. दोरा कसला वापरतात, किती वेढे देतात, तेही लिही. माझ्या वाद्याला ती चालेल का ते इथं करून बघतो. आणि जुलैत यायचं असेल तर व्हिसाची कागदपत्रं मार्चमध्येच जमवायला लाग, उन्हाळ्यात फार गर्दी होते. झोपायला वरची खोली आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू